मोझेस, खाडीकर की डोंगरकर: एका बेने इस्रायली घराण्याचा मूळशोध

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावांची नावं दिलेली नाहीत. ‘खाडीकर’ आणि ‘डोंगरकर’ ही आडनावं इथे मूळ आडनावांच्या जागी घातली आहेत.)

पार्श्वभूमी

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. रायगड जिल्ह्यातल्या या समाजाची आडनावं गावांवरून पडली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, दिवे आगरचे दिवेकर. समाजाची आठवण अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी सुरू होते. तिथे जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ही मंडळी गावोगाव तेलाचे घाणे चालवत. शनिवारी शब्बाथ, म्हणजे धर्मानं सांगितलेला विश्रांतीचा दिवस, असल्यामुळे घाणा बंद असे, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. पुढे बरीच घरं मुंबईला गेली, पलटणीत भरती झाली. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग (प्रार्थनागृह) १७९६ साली एका दिवेकरांनी बांधलं. त्यांचं बायबलमधलं नाव सॅम्युअल इझिकेल आणि मराठी नाव समाजी हसाजी.

नावांची ही दुहेरी रीत या प्रकरणात पावलोपावली आडवी येते. घरात आणि प्रार्थनेत बायबलमधलं नाव, गावात त्याचंच मराठी वळण: अब्राहमचा आबाजी, मोझेसचा मुसाजी, आयझॅकचा इसाजी. रेल्वे, टपाल किंवा लष्करात नोकरी लागली की इंग्रजी कारकून स्वतःचं नाव आणि बापाचं नाव लिहून मोकळा होई. पोराच्या दाखल्यावर बापाचं नाव आडनाव होऊन बसे आणि ‘कर’ गळून पडे. डेव्हिड, सॅम्युअल, अब्राहम, मोझेस अशी आडनावं लावणारी शेकडो घरं अशीच तयार झाली. एकच ‘मोझेस’ आडनाव लावणाऱ्या दोन घरांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसू शकतो, आणि दोन सख्ख्या भावांच्या नातवंडांची आडनावं वेगळी असू शकतात.

या प्रकरणातलं घराणं अशाच मोझेसांपैकी. १९६० नंतर एक शाखा इस्रायलमध्ये लोदला गेली, एक ठाण्यात राहिली, आणि ठाण्यातल्या शाखेतली दोन भावंडं आता टोरांटोत आहेत. शोध सुरू केला त्यातल्या बहिणीनं. खाली तिला ‘अर्जदार’ म्हटलं आहे.

अडचण

घरात दोन कहाण्या होत्या. अर्जदाराची आजी (वडिलांची आई) ठामपणे सांगायची की आपण मूळचे खाडीकर. लोदचे काका, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, वय ऐंशीच्या पुढे, तितक्याच ठामपणे डोंगरकर सांगत. खाडीकरांचं गाव आणि डोंगरकरांचं गाव एकाच तालुक्यात, मध्ये फार तर दोन तासांची पायवाट. दोन्ही आडनावांची माणसं आजही आहेत.

त्यात अर्जदाराच्या भाच्यानं तिसराच प्रश्न घातला: ‘आपण किती टक्के ज्यू?’ हा प्रश्न पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळा आहे आणि त्याचं उत्तर वेगळ्या साधनानं शोधावं लागतं. पण तीनही प्रश्न डीएनए चाचणीच्या एकाच किटमधून सुटतील अशा समजुतीनं काम सुरू झालं, आणि पहिले आठ महिने त्यातच गेले.

कोणते मार्ग समोर होते

डीएनए चाचण्या तीन प्रकारच्या असतात आणि त्या तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

वाय गुणसूत्राची चाचणी फक्त पुरुषाची होते. वाय बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, त्यामुळे बाप-आजोबा-पणजोबा या एकाच रेषेबद्दल ते बोलतं. आडनावही याच रेषेनं चालत असल्यामुळे आडनावाच्या प्रश्नाला हीच चाचणी कामाची. मात्र एका माणसाची चाचणी करून काही कळत नाही, तुलनेला दुसरा माणूस लागतो. आणि अर्जदार स्त्री असल्यानं नमुना तिच्या भावाचा घ्यावा लागणार होता.

मायटोकॉन्ड्रियाची चाचणी आई-आजी-पणजी या रेषेची. इथल्या कोणत्याच आडनावाशी तिचा संबंध नव्हता.

ऑटोसोमल चाचणी म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्या पूर्वजांकडून आलेल्या तुकड्यांची मोजणी. ‘टक्केवारी’ आणि ‘नातेवाईक सापडले’ हे दोन्ही निकाल याच चाचणीतून येतात. जाहिराती हिच्याच असतात, म्हणून बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात.

चौथा मार्ग कागद आणि दगडांचा. यात शाळेचं जनरल रजिस्टर, गावचं कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची नोंद), जुनी फेरफार पत्रकं, सिनेगॉगच्या लग्न-मृत्यूच्या वह्या, केतुबा म्हणजे ज्यू विवाहकरार, आणि कबरींवरचे लेख येतात. हा मार्ग स्वस्त असला तरी कंटाळवाणा, आणि टोरांटोतून तर तो अशक्यच वाटला. म्हणून तो शेवटी ठेवला गेला.

काय केलं, कोणत्या क्रमानं

आधी टक्केवारी. अर्जदारानं दोन कंपन्यांकडे ऑटोसोमल चाचणी केली. एका कंपनीनं मध्यपूर्वेचा वाटा एकअंकी दाखवला, दुसरीनं त्याच्या तिपटीहून जास्त. लाळ एकाच व्यक्तीची होती. फरक कंपन्यांच्या तुलनागटांचा होता. टक्केवारी म्हणजे तुमच्या तुकड्यांचं कंपनीकडच्या नमुन्यांशी जुळवलेलं साम्य. ज्या गटाचे नमुने कंपनीकडे कमी, त्या गटाचे तुकडे ती शेजारच्या गटांत वाटून टाकते.

भाच्याच्या प्रश्नाला या टक्केवारीपेक्षा चांगलं उत्तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधीच होतं. त्यात १८ बेने इस्रायल व्यक्तींचे नमुने इतर ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी गटांशी ताडून पाहिले होते. निष्कर्ष असा की समाजात ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंश भरीव प्रमाणात आहेत. ही सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली. ज्यू बाजू जास्त करून पुरुषांकडून आली आणि स्थानिक बाजू स्त्रियांकडून. त्यानंतर समाज अगदी लहान संख्येतून गेला आणि आपापसांतच लग्नं करत राहिला. हे उत्तर समाजाचं आहे, एका घराचं नाही. पण घराच्या टक्केवारीवर विश्वास ठेवण्यापेक्षा ते बरं.

मायटोकॉन्ड्रियाची चाचणी करून ‘आईकडून ज्यू असल्याचं सिद्ध करावं’ असा भाच्याचा पुढचा आग्रह होता. तो मान्य केला नाही, आणि तो निर्णय योग्य होता. २००८ च्या एका अभ्यासात तपासलेल्या बेने इस्रायलांपैकी सुमारे ४१ टक्के जण एम३९ए१ या एकाच मातृरेषेचे निघाले, आणि ती रेषा भारतातली आहे. अशा समाजात ‘भारतीय मातृरेषा’ असा निकाल आला तर त्यातून एखाद्या घराबद्दल काहीच सिद्ध होत नाही, नुसता मनस्ताप होतो. लोदच्या काकांना या विषयाची जखम जुनी होती. इस्रायलच्या मुख्य रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) १९६२ साली बेने इस्रायलांच्या लग्नाआधी मातृवंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले. त्याविरुद्ध समाज जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसला, आणि १९६४ साली तो भेद मागे घ्यावा लागला. काका त्या आंदोलनात होते. वंशाचा पुरावा म्हणून लाळ द्यायची कल्पनाच त्यांना नको होती.

मग ‘नातेवाईक’. ऑटोसोमल निकालात मेलबर्नचे एक गृहस्थ जुळले, आणि त्यांचं आडनाव खाडीकर. सामायिक डीएनए २१४ सेंटिमॉर्गन (डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजायचं एकक). कंपनीनं शिक्का मारला: ‘दुसरे ते तिसरे चुलत’, म्हणजे पणजोबा किंवा खापरपणजोबा एक. अर्जदारानं त्याच रात्री घरच्या गटावर कळवलं की आजी बरोबर होती. या प्रकरणातली सर्वांत महाग चूक ही. पैसे त्यात फारसे गेले नाहीत. पण एकदा जाहीर झालेली गोष्ट मागे घेताना लोदचं घर सहा महिने बोलेनासं झालं.

आकडा खोटा नव्हता, वाचन चुकलं. जगभरच्या नोंदींवरून दुसऱ्या चुलतांमध्ये सरासरी २२९ सेंटिमॉर्गन सामायिक असतात आणि तिसऱ्या चुलतांमध्ये ७३. पण त्या सरासऱ्या मुख्यतः अशा लोकांच्या आहेत ज्यांचे आईवडील एकमेकांचे दूरचेही नातेवाईक नसतात. कोकणातल्या काही हजारांच्या समाजात, शतकानुशतकं आपापसांत लग्नं झालेली असताना, कोणतीही दोन माणसं पाच-सात वाटांनी एकमेकांची नातेवाईक असतात. प्रत्येक वाटेनं एक-दोन छोटे तुकडे येतात, बेरीज फुगते आणि यंत्राला जवळचं नातं दिसतं.

ओळखायची खूण बेरजेत नसून तुकड्यांच्या लांबीत असते. जवळचं नातं असेल तर मोजके पण लांब तुकडे मिळतात. दूरची अनेक नाती असतील तर पुष्कळ, आखूड आणि साधारण सारख्या लांबीचे. अर्जदाराकडे तुलनेला चांगलं माप होतं: लोदच्या काकांची मुलगी लंडनला असते. ती कागदोपत्री पक्की दुसरी चुलत बहीण, दोघींचे पणजोबा एक. तिनं स्वतःच्या इच्छेनं लंडनमध्ये चाचणी केली. काकांची मात्र केली नाही. त्यांची इच्छा नव्हती हे एक, आणि इस्रायलच्या २००० सालच्या जनुकीय माहिती कायद्याखाली नातं ठरवणाऱ्या चाचणीला न्यायालयाचा आदेश लागतो हे दुसरं. किट पर्यटकाच्या पिशवीतून पाठवायचा एक प्रस्ताव आला होता, तो बाद केला.

दोन्ही जुळण्या शेजारी ठेवल्यावर चित्र असं दिसलं. लंडनच्या बहिणीशी ३३१ सेंटिमॉर्गन, १६ तुकडे, सर्वांत लांब ५८. मेलबर्नच्या खाडीकरांशी २१४, पण १९ तुकडे, सर्वांत लांब फक्त १७. मग १५ सेंटिमॉर्गनपेक्षा लहान तुकडे गाळून पुन्हा बेरीज केली. लंडनची २७० वर राहिली. मेलबर्नची ३२ वर आली, दोनच तुकडे उरले. म्हणजे हे गृहस्थ फार तर चौथे-पाचवे चुलत, किंवा अनेक वाटांनी त्याहून दूरचे. कोणत्या वाटेनं, ते या आकड्यांतून निघत नाही, आणि आडनाव तर नाहीच नाही. ही चाळणी लावायला अर्धा तास लागला. ती जाहीर करण्याआधी लावली असती तर बरं झालं असतं, एवढंच.

मग वाय. आता प्रश्न नेमका झाला: अर्जदाराच्या भावाचं वाय खाडीकरांशी जुळतं की डोंगरकरांशी? तीन पुरुष लागणार होते. भाऊ तयार होता. मेलबर्नचे गृहस्थ खाडीकरांच्या पुरुषरेषेतले होते. डोंगरकरांपैकी न्यूयॉर्कचे एक जण ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या ओळखीतून मिळाले.

इथे एक काम नीट झालं, ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. किट पाठवण्याआधी तिघांना एक पानी मराठी-इंग्रजी पत्र गेलं. त्यात चार गोष्टी होत्या. निकाल अनपेक्षित येऊ शकतो, कारण मधल्या पिढीत दत्तक, घरजावई किंवा न सांगितलेलं काही असू शकतं. आपला निकाल ऐकायचा नसेल तर तसं आधी सांगावं. आरोग्याविषयीचे निकाल कुणीही काढणार नाही. आणि खातं ज्याचं त्याच्याच नावावर राहील, परवाना फक्त तुलनेपुरता. शेवटचा मुद्दा कुणाला अतिरेक वाटेल. पण २०२३ साली एका मोठ्या अमेरिकी कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली आणि २०२५ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीत गेली, त्यानंतर तो अतिरेक राहिलेला नाही. न्यूयॉर्कच्या डोंगरकरांनी पत्र वाचून दोन आठवडे घेतले, मग होकार दिला.

पहिली फेरी ३७ मार्करांची. मार्कर म्हणजे वायवरच्या तुलनेसाठी मोजायच्या ठरावीक जागा. भाऊ आणि खाडीकर यांच्यात १७ मार्करांइतकं अंतर निघालं. एवढ्या अंतराला पुरुषरेषा वेगळी समजायची, हजारो वर्षांत समान पुरुष पूर्वज नाही. भाऊ आणि डोंगरकर यांच्यात अंतर फक्त १. इथे पुन्हा घाई करण्याचा मोह झाला, आणि या वेळी तो आवरला गेला. कारण समाज मूठभर पुरुषांपासून वाढलेला असेल तर ३७ पैकी ३६ मार्कर जुळणारे अनेक जण त्यात सापडू शकतात, आणि त्यांचा समान पूर्वज आडनावं पडण्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो. म्हणून तेच दोन नमुने १११ मार्करांवर नेले. अंतर ५ आलं. अंदाज सात-आठ पिढ्यांचा. पण हा अंदाज रबरासारखा ताणतो: खाली चार पिढ्या, वर बारा-तेरा. थोडक्यात, डोंगरकरांशी पुरुषरेषेचं नातं पक्कं. ते आडनाव पडल्यानंतर फुटलं की आधी, हे वायवरून सांगता येत नाही.

शेवटी कागद आणि दगड. ठाण्यात अर्जदाराचा आतेभाऊ राहतो. पुढचं सगळं काम त्यानं केलं.

पहिला कागद पणजोबांच्या शाळेचा, मुंबईतल्या एका जुन्या शाळेचा. शाळेनं दिलेला टंकलिखित निर्गम उतारा असा: आडनाव खाडीकर, नाव आबाजी मुसाजी, जात ‘इस्राईल’, दाखल जून १९०६, वय ७. आजीच्या बाजूनं इतका सरळ पुरावा दुसरा नव्हता, आणि वायचा निकाल त्याच्या अगदी उलट. गोंधळ उताऱ्यानंच केला होता. उतारा म्हणजे कारकुनानं आजच्या छापील नमुन्यात बसेल तेवढंच उतरवलेलं. मूळ जनरल रजिस्टरला जास्त रकाने असतात. आतेभावानं मुख्याध्यापकांना लेखी विनंती करून मूळ पानाचा फोटो घेतला. सोबत आपल्यापर्यंतच्या जन्मदाखल्यांची साखळी जोडली, त्याशिवाय परवानगी मिळाली नसती. पालकाच्या रकान्यात वेगळ्या हातानं लिहिलेलं होतं: ‘मामा’, आणि पुढे मामाचं नाव, आडनाव खाडीकर.

म्हणजे सात वर्षांचा मुलगा मामाकडे होता, आणि शाळेनं त्याला मामाचंच आडनाव लावलं. पण बाप कुठे होता?

उत्तर अलिबाग तालुक्यातल्या एका दफनभूमीत मिळालं. खापरपणजोबा मुसाजींची कबर तिथे आहे हे लोदच्या काकांना पहिल्यापासून माहीत होतं. फोटो त्यांच्याकडे वीस वर्षं होता. त्या फोटोत फक्त हिब्रू ओळी दिसत होत्या आणि वर्ष ‘६६८’ वाचलं गेलं होतं. हिब्रू वर्ष अक्षरांत कोरतात आणि हजारांचा आकडा बहुधा सोडून देतात. ६६८ म्हणजे ५६६८. त्यातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतो, पण वर्ष शरद ऋतूत बदलत असल्यानं सप्टेंबर-ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी ३७६१ वजा करावे लागतात. म्हणून ५६६८ हे १९०७-०८. असं असेल तर १९०६ मध्ये बाप जिवंत होता आणि मामा पालक का, याचा उलगडा होत नाही.

आतेभाऊ जानेवारीत तिथे गेला. पावसाळ्यात शेवाळ आणि गवत असतं, दगड वाचता येत नाही. त्यानं वायरचा ब्रश, खडू, अॅसिड यांतलं काही वापरलं नाही. नुसतं पाणी, मऊ ब्रश, आणि सकाळी आठच्या सुमारास तिरप्या उन्हात फोटो. तिरप्या उजेडात कोरलेल्या अक्षराच्या कडेला सावली पडते. शेवटचं अक्षर ‘हेथ’ नसून ‘हे’ होतं. दोघांचा आकार जवळपास सारखा, फरक डाव्या पायाचा: ‘हेथ’मध्ये तो वरच्या रेघेला चिकटलेला असतो, ‘हे’मध्ये वर थोडी फट असते. झिजलेल्या दगडात ती फट भरून जाते. ‘हेथ’ म्हणजे ८, ‘हे’ म्हणजे ५. वर्ष ५६६५, म्हणजे १९०४-०५. तेव्हा मुलगा सहाच्या आसपास होता.

इथे एक धोका होता. आपल्याला हवं तेच वाचन आपण निवडत नाही ना? म्हणून फोटो, अपेक्षित उत्तर न सांगता, हिब्रू वाचणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला पाठवला. तिनंही ६६५ वाचलं.

दगडाचा खालचा भाग जमिनीत गेलेला होता. स्थानिक सिनेगॉगच्या समितीची लेखी परवानगी घेऊन, समितीच्या एका सदस्यासमोर, दगडाच्या पुढची साधारण वीतभर माती हातानं बाजूला केली. कबरीला धक्का लागू दिला नाही, फोटो काढून माती परत लावली. मातीखाली मराठी ओळ होती आणि तिच्या शेवटी आडनाव: डोंगरकर.

कोतवाल बुकाचं काम समांतर चालू होतं. खाडीकरांच्या गावच्या मोडी नोंदी पहिल्या वाचकानं ‘यहुदी’ आणि ‘इस्राईल’ हे शब्द शोधत पाहिल्या आणि काही नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या वाचकाला ‘शनवार तेली’ हा शब्द सांगितला, तेव्हा त्याच पानांत मामाच्या घरातल्या दोन जन्मनोंदी निघाल्या. एका नोंदीत तर कारकुनानं ‘शनवार’ही गाळून नुसतं ‘तेली’ लिहिलं होतं. बापाचं नाव आबाजी किंवा इसाजी असेल आणि जात तेली, तर ती नोंद ज्यू कुटुंबाची आहे हे सहज सुटून जातं. रायगडच्या गावांत हे काम करणाऱ्यानं शोधायच्या शब्दांची यादी आधी मोडी वाचकाला लिहून द्यावी.

निष्पन्न

पुरुषरेषा डोंगरकरांची: दगड आणि वाय, दोन स्वतंत्र साधनं तेच सांगतात. बाप गेल्यावर पणजोबा आजोळी वाढले, शाळेत मामाच्या आडनावानं खाडीकर म्हणून नोंदले गेले, रेल्वेत लागल्यावर बापाच्या नावावरून मोझेस झाले. एकाच माणसाला पस्तीस वर्षांत तीन आडनावं. आजी खोटं बोलत नव्हती. तिनं नवऱ्याच्या वडिलांकडून जे ऐकलं ते सांगितलं, आणि त्यांचं बालपण खाडीकरांच्या घरातच गेलं होतं.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. ‘मामा’ हे नातं एकाच रजिस्टरातल्या एका शब्दावर उभं आहे. आईच्या चुलतभावालाही मामाच म्हणतात. मुसाजींचा केतुबा मिळालेला नाही, त्यामुळे त्यांच्या बायकोचं माहेर खाडीकर होतं हे बरंच संभवनीय आहे, सिद्ध नाही. मेलबर्नच्या गृहस्थांचं नातं त्याच माहेरातून आलं का, हे आज तरी सांगता येत नाही. वंशवृक्षात त्या जागी तुटक रेघ काढली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. दगडाचा फोटो काकांकडे वीस वर्षं होता. पहिल्याच आठवड्यात तो मागवून कुणाला तरी दफनभूमीत पाठवलं असतं तर अलिबागच्या एका फेरीत निम्मं काम उरकलं असतं, आणि वाय चाचणी फक्त खात्रीसाठी उरली असती. कागद आधी असता तर चाचणीला कोणता प्रश्न विचारायचा हेही ठरलं असतं. इथे उत्तरं आधी आली आणि प्रश्न नंतर नीट झाला.

दोनऐवजी एकाच कंपनीची ऑटोसोमल चाचणी पुरली असती. दुसऱ्या टक्केवारीनं पहिलीवरचा विश्वास उडवला, एवढाच तिचा उपयोग. ते पैसे डोंगरकरांपैकी आणखी एका दूरच्या शाखेतल्या पुरुषाच्या वाय चाचणीला घातले असते तर सात-आठ पिढ्यांचा अंदाज बराच आवळता आला असता. दोन माणसांच्या तुलनेत एखाददुसरा अपघाती बदल सगळा अंदाज सरकवतो. तिसरा माणूस आला की कोणता बदल कुठल्या शाखेत झाला हे दिसू लागतं.

घरच्या गटावर काही जाहीर करण्याआधी किमान एक ओळखीचं, कागदोपत्री पक्कं नातं मापाला घ्यायला हवं होतं. लंडनच्या बहिणीचा निकाल आधी असता तर मेलबर्नच्या २१४ नं कुणाचा गोंधळ झाला नसता. हे बेने इस्रायलांपुरतं नाही. पोटजातीतच लग्नं करत आलेल्या कुठल्याही मराठी घराला ते लागू आहे, आणि मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत तर बेरीज आणखी फुगते.

लोदच्या काकांशी बोलणं मात्र आधी व्हायला हवं होतं, चाचणीसाठी नव्हे, आठवणींसाठी. त्यांनी डोंगरकर का म्हटलं हे पहिल्या वर्षी कुणी विचारलंच नाही. शेवटी विचारलं तेव्हा उत्तर एका वाक्याचं होतं: त्यांच्या वडिलांनी लहानपणी त्यांना त्या कबरीपाशी नेलं होतं, आणि तेव्हा दगड पूर्ण जमिनीवर होता.

पुढचं काम डोंगरकरांच्या गावच्या कोतवाल बुकातल्या १८९५ ते १९०० च्या नोंदी मिळवण्याचं आहे. नकलेचा अर्ज तहसील कार्यालयात दिला आहे, त्यासोबत शोधायच्या शब्दांची यादीही: शनवार तेली, तेली, इस्राईल, यहुदी, ज्यू. नावं मुसाजी, मुसा, मोशे.